भास, भ्रम आणि भान

१८०९ साली हेन्री क्लटरबक आणि जॉर्ज बर्कबेक हे दोन डॉक्टर लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयात एका रुग्णाला तपासायला येऊ लागले. जेम्स टिली मॅथ्यूज हा एकेकाळचा चहाचा व्यापारी तिथे १७९७ पासून डांबलेला होता आणि त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनी कायद्याचा दरवाजा ठोठावला होता. दोघांनी त्याच्याशी वारंवार बोलून निर्वाळा दिला, की हा माणूस शहाणा आहे. रुग्णालयाचा निवासी वैद्यकीय अधिकारी जॉन हॅस्लम याचं मत नेमकं उलट होतं. मॅथ्यूज सुटला नाही. पुढच्याच वर्षी हॅस्लमने आपलं म्हणणं पटवून द्यायला ‘इलस्ट्रेशन्स ऑफ मॅडनेस’ हे पुस्तक छापलं. एकाच रुग्णाच्या मानसिक आजारावर लिहिलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं.

हॅस्लमने मॅथ्यूजचं म्हणणं बारकाईने टिपलं आहे. लंडनच्या जुन्या तटाजवळ एका तळघरात सात हेरांची टोळी दडून बसलेली आहे. तिच्याकडे ‘एअर लूम’ नावाचं अजस्र यंत्र आहे. पिंपांतल्या दुर्गंधी वायूंवर ते चालतं आणि त्यातून निघणाऱ्या चुंबकीय लहरी दूर बसलेल्या मॅथ्यूजच्या शरीराचा नि मनाचा ताबा घेतात. टोळीतली ‘हातमोजेवाली’ बाई यंत्र चालवण्यात तरबेज आहे. छळाच्या प्रत्येक प्रकाराला नाव आहे. त्यातला एक ‘पतंग उडवणे’: टोळी एखादा विचार त्याच्या डोक्यात चढवते आणि तासन्‌तास तिथे तरंगत ठेवते, तो हटवायची त्याची कितीही धडपड चालली, तरी हटत नाही.

हाच मॅथ्यूज नीटनेटकं बोलत होता, हिशोबी होता, रेखाटनात निपुण होता. बेथलेमची नवी इमारत बांधायचं ठरलं तेव्हा त्याने कोठडीत बसून तिचे आराखडे काढले आणि संस्थेने त्याबद्दल त्याला ३० पौंड दिले. म्हणजे क्लटरबक आणि बर्कबेक यांना दिसलेला शहाणपणा खरा होता आणि हॅस्लमने नोंदवलेला आजारही खरा होता. ‘शहाणा’ आणि ‘वेडा’ एवढे दोनच कप्पे हाताशी असल्यामुळे तिघांपैकी कुणालाच तो माणूस पुरता मांडता आला नाही. गेल्या दोनशे वर्षांत मनोविकारशास्त्राने हे कप्पे मोडले आणि माणसाच्या अनुभवाचे बारीक भाग पाडून प्रत्येकाची व्याख्या केली. या व्याख्या ज्या घराला नीट कळतात, त्या घरातल्या माणसाला योग्य उपचार लवकर मिळतात आणि त्याच्या वाट्याला हेटाळणी कमी येते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून त्या एकेक करून पाहू.

सायकोसिस

वास्तवाशी असलेलं मनाचं नातं ठळकपणे बिघडणं म्हणजे सायकोसिस. इतरांना ऐकू न येणारं ऐकू येतं, कोणत्याही पुराव्याने न हलणारी खात्री मनात घर करते, विचारांची सुसंगती सुटते. यांपैकी एक किंवा अनेक गोष्टी ठळकपणे दिसू लागल्या, की डॉक्टर हा शब्द वापरतात. १८४० च्या दशकात जर्मन भाषेतल्या वैद्यकीय लेखनात तो प्रथम आला.

सायकोसिस हे आजाराचं नाव नाही, ही पहिली महत्त्वाची गोष्ट. ताप आला म्हणजे मलेरिया, डेंगी, टायफॉइड यांपैकी काय झालंय ते शोधावं लागतं, तसंच इथे आहे. स्किझोफ्रेनियात सायकोसिस असतो, तीव्र नैराश्यात आणि उन्मादात असू शकतो, गांजा किंवा उत्तेजक द्रव्यांनी होऊ शकतो, थायरॉइडच्या बिघाडात, मेंदूच्या संसर्गात, स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेनेही होऊ शकतो. म्हणून पहिल्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञाने रक्त तपासायला सांगितलं किंवा मेंदूचं स्कॅन करायला लावलं, तर ते खर्चात पाडणं समजू नये. २००७ साली जोसेप डालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूदाहाचा एक प्रकार ओळखला. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांवर (रिसेप्टरवर) हल्ला करते. असे रुग्ण सुरुवातीला हुबेहूब मानसिक रुग्ण वाटतात आणि वेळेत निदान झालं तर बहुतेक जण सुधारतात.

दुसरी गोष्ट, बोलीत ‘सायको’ म्हणून ज्याची भीती घातली जाते, तो सायकोपॅथ वेगळाच. दुसऱ्याच्या दुःखाची चाड नसणं, थंडपणे फसवणं हा त्याचा स्वभाव असतो, वास्तवाचं भान मात्र शाबूत असतं. सायकोसिस झालेला माणूस बहुतेक वेळा स्वतः घाबरलेला असतो. त्याच्या हातून हिंसा होण्यापेक्षा तोच हिंसेचा बळी होण्याचा धोका जास्त असतो.

भास

बाहेर काहीही नसताना ज्ञानेंद्रियांना ते असल्यासारखं जाणवणं म्हणजे भास, डॉक्टरांच्या भाषेत हॅल्युसिनेशन. अंधारात पडलेली दोरी साप वाटली तर तो भास नव्हे. तिथे दोरी खरोखर होती, तिचा अर्थ चुकीचा लागला. याला इल्युजन म्हणतात आणि ते कुणालाही होतं. दोन्हींतला हा फरक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्सच्या एस्किरोल या डॉक्टरने स्पष्ट केला.

भास पाचही इंद्रियांचे असतात. सायकोसिसमध्ये सर्वाधिक आढळतात ते आवाजाचे. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर कशी चौकशी करतात ते ऐकण्यासारखं असतं. आई सांगते, “सर, हा रात्रभर जागा असतो, एकटाच बोलतो, मधेच कानावर हात ठेवतो.” डॉक्टर मुलाकडे वळतात. आवाज कानातून येतो की डोक्याच्या आतून? एक जण असतो की अनेक? ओळखीचा आहे का? तुझ्याशी बोलतात की आपसांत तुझ्याबद्दल बोलतात? तू पाणी प्यायला उठलास तर ‘बघ, उठला’ असं म्हणतात का? काही करायला सांगतात का, आणि सांगितलेलं करावंच लागतं असं वाटतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर धोक्याची घंटा आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचे हुकूम देणारे आवाज ही तातडीने दाखल करण्याची वेळ असू शकते.

हे आवाज येतात कुठून? लंडनच्या संशोधकांनी १९९३ मध्ये आवाज ऐकू येत असतानाच रुग्णांच्या मेंदूची चित्रं घेतली. बोलणं घडवणारा ब्रोका हा भाग त्या वेळी अधिक क्रियाशील आढळला. म्हणजे हे बहुधा माणसाचं स्वतःचंच मनातलं बोलणं असतं, फक्त ते आपलं आहे ही खूण पुसली गेलेली असते. आपण काही करतो तेव्हा मेंदू स्वतःलाच आगाऊ वर्दी देतो, की ही हालचाल माझी आहे. त्यामुळेच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. आवाज ऐकू येणाऱ्या किंवा आपल्यावर बाहेरून ताबा असल्याचं वाटणाऱ्या रुग्णांना मात्र स्वतःचा स्पर्शही दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच जाणवतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. वर्दीची ही व्यवस्था ढिली पडली, की आपलाच विचार परक्याच्या आवाजात ऐकू येतो, आपलीच हालचाल कुणी करवून घेतल्यासारखी वाटते. मॅथ्यूजचा ‘पतंग’ हा याच घरातला अनुभव. परका विचार डोक्यात घातला जाणं, आपला विचार काढून घेतला जाणं, मनातलं सगळ्यांना ऐकू जाणं, या अनुभवांना जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी निदानात पहिल्या प्रतीचं स्थान दिलं होतं. पुढे हे अनुभव इतर आजारांतही आढळू लागल्याने त्यांचं वजन कमी झालं. पण ऐकणाऱ्याने ते ओळखावेत, याचं महत्त्व कमी झालेलं नाही.

प्रत्येक भास हा आजार नसतो. झोप लागताना किंवा जाग येताना आपल्या नावाची हाक ऐकू येणं सर्वसामान्य आहे. वेल्समधल्या, १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जोडीदार गमावलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांनी गेलेल्या माणसाची चाहूल लागल्याचं, कधी तो दिसल्याचं, कधी बोलल्याचं सांगितलं होतं. आजोबा गेल्यावर आजीला त्यांच्या काठीचा आवाज ऐकू आला, तर तिला दवाखान्यात नेण्याची गरज नाही. तिच्याजवळ बसून आजोबांच्या गोष्टी ऐकाव्यात.

भ्रम

भ्रम म्हणजे डिल्युजन. कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञ डॉक्टरने १९१३ साली त्याच्या तीन खुणा सांगितल्या: विलक्षण खात्री, अनुभवाने किंवा युक्तिवादाने न बदलणं आणि आशय अशक्य असणं. तिसऱ्या खुणेवर पुढे बराच खल झाला, कारण भ्रमातला मजकूर कधीकधी खराही निघतो. बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याचंच पाहा. तिने उंबऱ्यात चप्पल उलटी काढली, म्हणजे प्रियकराला खूण केली, असं तो म्हणतो. उद्या तिचं खरंच कुणाशी नातं निघालं, तरी त्याच्या खात्रीचा पाया आजारीच राहतो. मॅथ्यूजच्या बाबतीतही असाच पेच होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात इंग्लंड-फ्रान्समध्ये तह व्हावा म्हणून तो खरोखर पॅरिसला गेला होता आणि तिथे काही वर्षं कैदेत होता. हेरगिरी, कारस्थान, मंत्र्यांचा विश्वासघात ही त्याची भाषा हवेतून आलेली नव्हती. म्हणून डॉक्टर भ्रम ठरवताना ‘हे खरं की खोटं’ एवढंच पाहत नाहीत. ‘हा निष्कर्ष कुठून आला आणि पुराव्यापुढे तो हलतो का’ हेही पाहतात.

भ्रमाचे प्रकार आशयावरून पडतात. आपल्याविरुद्ध कट चाललाय हा पाठलागाचा भ्रम सर्वांत जास्त आढळतो. बातम्या देणारी निवेदिका माझ्यासाठी इशारा देतेय, रस्त्यावरचा हॉर्न माझ्यासाठी वाजला, हा संदर्भाचा भ्रम. मी अवतारी पुरुष आहे, हा महत्तेचा. आपली आतडी सडली, आपण मेलेलेच आहोत, हा तीव्र नैराश्यात दिसणारा नास्तित्वाचा. घरातल्या जवळच्या माणसाच्या जागी हुबेहूब दिसणारा तोतया आलाय, हा कापग्रास या फ्रेंच डॉक्टरने १९२३ साली वर्णिलेला.

आशय काळाप्रमाणे बदलतो, सांगाडा तोच राहतो. मॅथ्यूजच्या काळात वायूंच्या रसायनशास्त्राचा आणि चुंबकशक्तीचा बोलबाला होता, म्हणून त्याचं यंत्र वायूंवर आणि चुंबकावर चालत होतं. पुढे रेडिओलहरी आल्या. आता मोबाइल हॅक झालाय, सीसीटीव्ही माझ्यावरच रोखलाय, दाताच्या भरणीत चिप बसवलीय, असं रुग्ण सांगतात.

व्याख्येत आणखी एक अट आहे: ती समजूत त्या माणसाच्या समाजात सर्रास मानली जाणारी नसावी. एखाद्या गावात म्हैस आटली तर करणीचा संशय घेणारे अनेक असतात. ती अंधश्रद्धा आहे आणि तिच्याविरुद्ध प्रबोधन हवंच, पण तेवढ्यावरून कुणी मनोरुग्ण ठरत नाही. जत्रेत ढोल वाजताना अंगात येणाऱ्या बाईचंही तेच. तिचं घुमणं ठरावीक प्रसंगी सुरू होतं, ठरावीक वेळी थांबतं आणि दुसऱ्या दिवशी ती शेतावर कामाला जाते. जेव्हा तिच्या देवळातले, तिच्या भावकीतले लोकच म्हणू लागतात, की हे नेहमीचं वारं नाही, ही जेवत नाही, झोपत नाही, कुणालाच ओळख देत नाही, तेव्हा आजाराची शंका घ्यावी.

विस्कळीत विचार आणि ओसरलेला उत्साह

विचारांची सुसंगती माणसाच्या बोलण्यात दिसते. सायकोसिसमध्ये एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना मधला दुवा निखळतो, विचारलेल्याचं उत्तर येतच नाही, कधी स्वतःचे नवेच शब्द घडवले जातात. शरीराच्या हालचालीही बिघडतात. तासन्‌तास एकाच अवस्थेत बसणं, हात वर उचलून ठेवला तर तसाच राहणं, याला कॅटाटोनिया म्हणतात. पाहणाऱ्याला हे ढोंग वाटतं, पण खाणंपिणं थांबल्याने यात जीव जाऊ शकतो. लोराझेपाम या औषधाने अनेकदा काही तासांत किंवा दिवसांत फरक पडतो.

भास, भ्रम आणि विस्कळीत विचार यांना पॉझिटिव्ह लक्षणं म्हणतात. इथे पॉझिटिव्हचा अर्थ चांगलं असा नाही. एरवी नसलेलं काहीतरी नव्याने आलं, एवढाच आहे. एरवी असलेलं काहीतरी हरपलं, तर ती निगेटिव्ह लक्षणं. चेहऱ्यावरचे भाव विरतात, बोलणं एकदोन शब्दांवर येतं, अंघोळ करावीशी वाटत नाही, मित्र सुटतात, आवडीचं काम समोर असूनही हात उचलत नाही. घरात याच लक्षणांवरून सर्वाधिक भांडणं होतात. “गोळ्या चालू झाल्या, आवाज बंद झाले, आता कामाला का लागत नाही? आळशी झालाय.” ही निव्वळ आळशीपणाची गोष्ट नाही. यावर औषधांचा परिणाम कमी होतो आणि पुनर्वसनाचा, छोट्या जबाबदाऱ्यांचा, कौतुकाचा अधिक होतो.

भान

आपल्याला जे होतंय तो आजार आहे, हे आजाऱ्याला कळणं म्हणजे भान, डॉक्टरांच्या भाषेत इनसाइट. सायकोसिसमध्ये बऱ्याचदा तेच जातं. ते आहे किंवा नाही, असं दोनच टोकांचं नसतं. “मला काही झालेलं नाही” पासून “झोप येत नाही एवढंच”, “आवाज येतात पण ते खरे आहेत”, “आवाज खरे वाटतात, पण गोळी घेतली की कमी होतात” ते “हे माझ्या आजारामुळे होतं” इथपर्यंत त्याच्या पायऱ्या असतात. वाद घालून कुणी या पायऱ्या चढत नाही. “कुणी मागे लागलेलं नाही, डोकं फिरलंय तुझं” म्हटलं, की सांगणारा माणूस कटात सामील ठरतो. “मला ते दिसत नाही, पण तू किती घाबरलायस ते दिसतंय, झोप तरी लागावी म्हणून आपण डॉक्टरांकडे जाऊ या,” यात खोटं काही नाही आणि दारही बंद होत नाही.

आजारांची नावं

जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ पर्यंत सायकोसिसचे दोन मोठे गट केले: तरुण वयात सुरू होऊन ऱ्हासाकडे जाणारा ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ आणि चढउतारांचा उन्माद-नैराश्याचा आजार. स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांना पहिल्या नावातला ऱ्हास अटळ वाटला नाही. त्यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव सुचवलं. विचार, भावना आणि वर्तन यांच्यातला मेळ तुटणं त्यांना सांगायचं होतं. एका शरीरात दोन व्यक्ती राहण्याशी, सिनेमातल्या दुभंगलेल्या माणसाशी, या आजाराचा संबंध नाही.

आज निदानात काळाला फार महत्त्व आहे. अमेरिकेच्या डीएसएम या पद्धतीत लक्षणं महिन्याच्या आत पूर्ण गेली तर अल्पकालीन सायकोसिस, सहा महिने टिकली तर स्किझोफ्रेनिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत स्किझोफ्रेनियासाठी एक महिना पुरतो. भ्रम मूड चढल्यावर किंवा उतरल्यावरच येत असतील, तर बायपोलर आजार किंवा नैराश्याचा विचार होतो. बाळंतपणानंतर दर हजारी एक-दोन स्त्रियांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, सायकोसिस होतो. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असल्याने ही तातडीची वेळ असते. ‘ओली बाळंतीण, बाहेरचं लागलं असेल’ म्हणत दिवस घालवू नयेत.

आपल्याकडे ‘वातात बरळणं’ म्हणतात ते डिलिरियम मात्र वेगळं ठेवायला हवं. यात शुद्धच धूसर होते, माणसाला दिवस-रात्र कळेनाशी होते, तासातासाला अवस्था बदलते. सत्तरीतल्या आजोबांना काल संध्याकाळपासून भिंतीवर किडे दिसू लागले, तर लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, नवं औषध किंवा दारू अचानक सोडणं यांपैकी काहीतरी कारण असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी त्यांना सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं.

औषधांची गोष्ट

१९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिच्या रक्तदाबावरच्या उपयोगाबद्दल लिहिलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन परिणाम पाहिला. पुढे स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, तेव्हा ते निपचित पडले. डोपामिन घडवणारं द्रव्य देताच ते पुन्हा हिंडू लागले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे यातून पुढे आलं आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. सायकोसिसमध्ये डोपामिनचं काम वाढलेलं असतं, त्यामुळे किरकोळ गोष्टीही अतिमहत्त्वाच्या वाटू लागतात, असं आज मानलं जातं. औषधं ही अतिरिक्त चेतना रोखतात. त्यामुळे हात थरथरणं, अंग जखडणं, एका जागी बसवेनासं होणं, वजन वाढणं असे त्रासही होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा औषध बदलता येतं. परस्पर गोळ्या बंद केल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. इतर औषधांना दाद न देणाऱ्यांसाठी क्लोझापिन आहे. त्यात नियमित रक्ततपासणी करावीच लागते.

कायदा आणि घर

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत वास्तव ओळखण्याच्या क्षमतेचा उल्लेख केला आहे. सामाजिक दर्जा, राजकीय मत किंवा समाजाच्या चालीरीती न पाळणं यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, हेही त्याने सांगितलं. रुग्णाला साखळदंडाने बांधणं त्यात निषिद्ध आहे आणि भूल न देता शॉक देण्यावर बंदी आहे.

निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १.४ टक्के प्रौढांना आयुष्यात कधीतरी सायकोसिसचा आजार झालेला आढळला आणि त्यांतल्या सुमारे तीनचतुर्थांश लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. पहिली लक्षणं आणि पहिला उपचार यांतलं अंतर जितकं कमी, तितकी पुढची वाट सोपी, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. काहींना आयुष्यात एकदाच झटका येतो आणि ते पूर्ण बरे होतात, काहींना तो अधूनमधून येतो, काहींना लांबचा पल्ला गाठावा लागतो. त्यांतलेही अनेक जण नोकरी करतात, संसार करतात.

म्हणून दवाखान्यात जाताना “डोकं फिरलंय” एवढंच सांगू नका. वहीच्या एका पानावर लिहा: झोप कधीपासून उडाली, आवाजांबद्दल तो काय म्हणतो, कोणत्या गोष्टीची खात्री वाटते, कोणतं नवं औषध घेतलं किंवा नशा केली, ताप आला होता का, घराण्यात कुणाला असं झालं होतं का, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली का. केंद्र सरकारची टेली मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येतं. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला संस्था आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. ते पान डॉक्टरांच्या हाती पडलं, की पहिल्याच भेटीत निदानाची दिशा ठरायला मोठी मदत होते.